ऑनलाइन एडीएचडी डायग्नोसिस चालतं का, की प्रत्यक्ष जाऊनच करावं?

पसारा_सम्राज्ञी:

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथं नुसतं वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच, त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या.

वय ३६, नोकरी बरी चाललीय, बाहेरून बघणाऱ्याला सगळं आलबेल वाटेल. आतली गोष्ट अशी की ईमेल उघडते, वाचते, नंतर उत्तर देऊ म्हणते आणि ते नंतर काही उगवत नाही. खात्यात पैसे असून बिलं लेट फी लावून भरते. मीटिंगमध्ये समोरचा बोलत असतो, मी मान डोलावत असते आणि मधल्या वेळात कुठं जाऊन आले ते माझं मलाच माहीत नसतं. आणि तीच मी डेडलाइनच्या आदल्या रात्री अंगात आल्यासारखी पहाटेपर्यंत काम करते, ते चांगलंही होतं, त्यामुळे ऑफिसात कुणाला कसली शंका येत नाही.

तर झालं असं की बहिणीच्या मुलाला एडीएचडी (लक्ष न लागण्याचा, चंचलपणाचा त्रास) निघाला. त्याचे फॉर्म भरताना ती मला एकेक प्रश्न वाचून दाखवत होती आणि मध्येच म्हणाली, अगं हे त्याच्यापेक्षा तुलाच जास्त लागू होतंय. ती हसून मोकळी झाली पण माझ्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच.

आता अडलंय इथं की मोठ्या माणसांचं एडीएचडी बघणारे डॉक्टर मुळात कमी, आणि जे आहेत त्यांची वेटिंग लिस्ट मारुतीच्या शेपटासारखी. ऑनलाइनवाले म्हणतात आज फॉर्म भरा, याच आठवड्यात व्हिडिओ कॉल, लगेच रिपोर्ट. नवरा म्हणतो एवढ्या पटकन मिळतंय म्हणजे पैसे घेऊन सर्टिफिकेट वाटत असणार. मैत्रीण म्हणते तू वेटिंग लिस्टवर नाव टाकशील आणि अपॉइंटमेंटचा दिवसच विसरशील, त्यापेक्षा ऑनलाइन करून मोकळी हो. दोघांचंही पटतं, हाच तर त्रास आहे.

ऑनलाइन केलेलं डायग्नोसिस पुढं दुसरे डॉक्टर मानतात का? व्हिडिओवर खरंच कळतं का काही? आणि प्रत्यक्ष गेल्यावर असं वेगळं काय करतात? आणि हो, कृपया 'फोन करून विचार' असं सांगू नका, तो फोनच तर होत नाही माझ्याच्यानं.

---

निशाचर:

माझं ऑनलाइन झालंय आणि मला तरी काही कमी वाटलं नाही. पण ऑनलाइन ऑनलाइनमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो हे आधीच सांगतो.

माझ्याकडे आधी फॉर्म आले, एक मी भरायचा, एक लहानपणापासून ओळखणाऱ्या माणसानं, एक आत्ता सोबत राहणाऱ्यानं. मग व्हिडिओवर सायकियाट्रिस्ट, चांगला ऐसपैस कॉल. डिवा-५ नावाचा इंटरव्ह्यू असतो तो घेतला, त्यात १८ लक्षणं एकेक करून विचारतात आणि प्रत्येक लक्षण दोनदा, आत्ता कसं आहे आणि लहानपणी कसं होतं. नुसतं हो म्हणून सुटका नाही, उदाहरण द्या म्हणतात. मी म्हटलं वस्तू हरवतात, तर म्हणाले शेवटची कुठली हरवली, त्यानं काय अडलं, मग काय केलंत. मी सांगता सांगता भलतीकडेच गेलो तर त्यांनी थांबवलं नाही, बोलू दिलं, आणि नंतर शांतपणे विचारलं की मूळ प्रश्न काय होता आठवतंय का. नव्हतं आठवत.

आईलाही कॉलवर घेतलं होतं. तिनं आधी माझी बाजू घेतली, पोरगा हुशार होता वगैरे, आणि मग स्वतःहून सांगितलं की शाळेत याला डबा द्यायला रोज कुणीतरी जायचं कारण हा डबा घरीच ठेवून जायचा. डॉक्टर लिहून घेत होते.

डायग्नोसिस त्या दिवशी दिलंच नाही. दुसऱ्या कॉलला दिलं, त्याच्या आधी फॅमिली डॉक्टरकडून थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बीपी बघून यायला सांगितलं. हे सगळं पडद्यावरूनच झालं, त्यामुळे ऑनलाइन म्हणजे बोगस असं सरसकट म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही.

---

स्पष्टवक्ता:

आजकाल सगळ्यांनाच एडीएचडी आहे. मोबाइल बाजूला ठेवा, बरं वाटेल.

---

दोन_पोरांची_आई:

@स्पष्टवक्ता मोबाइल यायच्या कितीतरी आधीपासून आहे हो हे. १९८० साली अमेरिकेच्या मानसोपचारवाल्यांच्या पुस्तकात एडीडी म्हणून आलं आणि १९८७ ला त्याचं एडीएचडी झालं, तेव्हा कुठे होते मोबाइल. धाग्यात ताईंनी काय विचारलंय ते तरी वाचा.

---

तळटीप:

मी दुसऱ्या बाजूनं लिहिते. नवऱ्याचं ऑनलाइन केलं होतं. कंपनीचं नाव घेत नाही. सहा प्रश्नांचा फॉर्म, मग वीसेक मिनिटांचा कॉल, त्यातली निम्मी मिनिटं आवाज येतोय का, आता येतोय का यात. पलीकडच्या बाईंनी कॅमेऱ्याकडे बघितलंही नाही, टाइप करत होत्या. लहानपणाबद्दल एकच प्रश्न, शाळेत त्रास व्हायचा का, हा म्हणाला थोडा व्हायचा. झालं. दुसऱ्या दिवशी पीडीएफ आली, मॉडरेट टू सीव्हिअर एडीएचडी.

आता माझं म्हणणं एवढंच होतं की हा माणूस लहानपणी अतिशय व्यवस्थित होता, वह्यांना कव्हरं घालणारा, सासूबाई आजही त्याचं उदाहरण देतात. त्रास सुरू झाला तो अलीकडच्या काही वर्षांत. म्हणून हट्टानं प्रत्यक्ष एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. ते त्याला आत येताना बघत होते, खुर्चीत बसल्यावर मान आणि गळा बघितला, आणि पहिला प्रश्न मला विचारला, हे घोरतात का. मध्येच श्वास थांबल्यासारखा होतो का. स्लीप स्टडी झाली, झोपेत श्वास अडकायचा आजार निघाला, स्लीप ॲप्निया. रात्रभर मेंदूला धड झोपच नाही तर दिवसा लक्ष लागणार कुठून. मशीन लावून झोपायला लागल्यापासून विसराळूपणा बराच कमी झालाय.

व्हिडिओवर घोरणं ऐकू येत नाही आणि ते विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. तो रिपोर्ट धरून बसलो असतो तर याला रोज उत्तेजक गोळ्या सुरू झाल्या असत्या, त्याही बीपी वाढलेलं असताना. म्हणून मी तरी सांगेन की थांबा, पण प्रत्यक्ष जा.

---

निशाचर:

@तळटीप वाईट झालं हे. पण घोरता का हे विचारायला समोरासमोर बसावं लागत नाही ना, मला व्हिडिओवरही झोपेबद्दल भरपूर विचारलं होतं. तुमच्या कंपनीनं पाट्या टाकल्या. प्रत्यक्षातही दहा मिनिटांत गोळी लिहून देणारे आहेतच की.

---

तळटीप:

आहेत, मान्य. पण मान तपासायला समोर बसावंच लागतं.

---

मनकवडी:

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, मोठ्यांची असेसमेंट दोन्ही पद्धतींनी करते, कोविडच्या आधी फक्त प्रत्यक्ष करायचे. वर दोघांनी लिहिलेलं दोन्ही खरं आहे. जरा सविस्तर लिहिते कारण या विषयावर व्हॉट्सॲपवर फार काहीबाही फिरतं.

पहिलं म्हणजे एडीएचडीसाठी रक्ताची टेस्ट नाही, रोजच्या वापरातला स्कॅन नाही, एमआरआयमध्ये दिसत नाही. डायग्नोसिस होतं ते माणसाच्या आयुष्याच्या हकिकतीवरून. त्यामुळे मुख्य काम बोलण्याचं आणि ते व्हिडिओवर होऊ शकतं. डीएसएम-५, म्हणजे वर उल्लेख आलेल्या अमेरिकेच्या मानसोपचारवाल्यांच्या पुस्तकाची २०१३ ची आवृत्ती, तिच्यात निकष असे आहेत की लक्ष न लागण्याची नऊ आणि चंचलपणा-उतावीळपणाची नऊ लक्षणं, १७ वर्षं आणि त्यावरच्यांना कुठल्यातरी एका गटातली किमान पाच हवीत, मुलांना सहा, किमान सहा महिने, आणि घर, काम, शिक्षण, नाती यातल्या दोन किंवा जास्त ठिकाणी. या लक्षणांनी आयुष्यात खरोखर अडायला हवं. आणि सगळ्यात जास्त वेळा जे गाळलं जातं ते हे की काही लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधी दिसलेली असली पाहिजेत. तळटीप ताईंच्या मिस्टरांचं घोडं इथंच अडायला हवं होतं. तिशी-चाळिशीत नव्यानं सुरू झालेला विसराळूपणा म्हणजे आधी दुसरं काहीतरी शोधायचं, झोप, थायरॉइड, ॲनिमिया, डिप्रेशन, एन्झायटी, दारू, बायकांमध्ये मेनोपॉजच्या आधीचा काळ, आणि कधी कधी साधं कामाचं ओझं.

दुसरं, तो सहा प्रश्नांचा फॉर्म. तो बहुतेक एएसआरएस असणार, जागतिक आरोग्य संघटनेसोबत बनवलेला, पूर्ण १८ प्रश्नांचा आणि त्यातले पहिले सहा चाळणीसाठी. चांगला फॉर्म आहे, मी स्वतः वापरते. पण तो चाळणीचा आहे, पुढं तपासायची गरज आहे का एवढंच सांगतो. एन्झायटी असलेल्या किंवा महिनोनमहिने नीट न झोपलेल्या माणसाचेही त्यात भरपूर मार्क येतात. ब्रिटनमध्ये नाइस नावाची उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणारी संस्था आहे, तिची २०१८ ची गाइडलाइन आहे तिच्यात स्पष्ट म्हटलंय की नुसत्या रेटिंग स्केलवरून डायग्नोसिस करू नये, पूर्ण क्लिनिकल आणि सामाजिक माहिती, लहानपणापासूनची हिस्टरी, आणि दुसऱ्या माणसाकडून माहिती घ्यावी.

प्रत्यक्ष आल्यावर मला काय जास्त मिळतं? माणूस दारातून कसा आला, वेटिंगमध्ये काय करत होता, टेबलाखाली पाय हलतोय का, चेहऱ्यावर किंवा खांद्याला टिक्स, म्हणजे आपोआप येणारे झटके, आहेत का. व्हिडिओवर मला छातीच्या वरचं तेवढं दिसतं. नोटिफिकेशन वाजल्यावर नजर कुठं गेली ते दिसतं, पण लक्ष उडालं की फक्त मेसेज वाचला ते सांगता येत नाही.

पण उलटही आहे बरं का. नवीन जागा, नवीन माणूस, एकास एक गप्पा आणि विषय स्वतःचा, अशा वातावरणात एडीएचडीवाल्या माणसाचं तासभर उत्तम लक्ष लागू शकतं. माझ्याकडे आलेल्या कितीतरी जणींना आधीच्या डॉक्टरांनी सांगितलेलं असतं की तुम्ही तर इथं नीट बसून बोलताय, तुम्हाला कसला एडीएचडी. हे चूक आहे. खोलीत नीट बसली यानं काही सिद्ध होत नाही. घरून कॉल असला की मागचा पसारा दिसतो, कपाटाची उघडी दारं दिसतात, कुणीतरी तिसऱ्यांदा चार्जर शोधायला उठतं, आणि मला ते खोलीतल्या शहाण्यासारख्या बसण्यापेक्षा जास्त सांगून जातं.

म्हणून ताई, क्लिनिक ऑनलाइन आहे की प्रत्यक्ष यापेक्षा त्यांना आधी लिहून हे विचारा की असेसमेंट कोण करणार आणि त्यांचं क्वालिफिकेशन काय, किती वेळ देणार, लहानपणाची माहिती कुणाकडून घेणार, दुसरी कारणं कशी तपासणार, आणि रिपोर्टमध्ये निकषवार लिहिणार की नुसता निष्कर्ष. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण पुढचे डॉक्टर मानतात की नाही ते बरंचसं त्यावर ठरतं. दोन ओळींचं सर्टिफिकेट कुणीच मानत नाही, मानूही नये. आणि एक प्रश्न जरा खवचट आहे पण विचाराच, की तुमच्याकडे येणाऱ्यांपैकी काहींना तुम्ही एडीएचडी नाही असंही सांगता का.

---

खिडकीतला_मी:

तो शेवटचा प्रश्न भारी आहे. बीबीसीच्या एका रिपोर्टरनं २०२३ मध्ये हेच तर दाखवलं होतं, तीन खाजगी क्लिनिककडून व्हिडिओ कॉलवर एडीएचडी आहे असं मिळालं, आणि सरकारी सेवेतल्या सायकियाट्रिस्टनं प्रत्यक्ष तीनेक तास बसवून सांगितलं की नाही. त्यावरून एडीएचडीवाल्या लोकांनीच पुष्कळ आरडाओरडा केला, एका माणसाच्या नाटकावरून सगळ्यांना खोटं ठरवताय म्हणून, आणि त्यांचंही बरोबर होतं, कारण नंतर खरं डायग्नोसिस असलेल्यांनाही लोक तुझं ऑनलाइनवालं का असं विचारायला लागले.

---

गोळीबंद:

सगळ्यांनी डायग्नोसिसवर लिहिलंय, पण खरी गाडी अडते ती औषधावर. मी त्यातून गेलोय म्हणून लिहितो.

एडीएचडीची पहिल्या पसंतीची औषधं म्हणजे स्टिम्युलंट्स (उत्तेजक औषधं), मिथिलफेनिडेट आणि ॲम्फेटामीनच्या जातीतली. ही दोन्ही संयुक्त राष्ट्रांच्या १९७१ च्या सायकोट्रॉपिक करारात शेड्यूल २ मध्ये आहेत, म्हणजे जवळजवळ सगळीकडे नियंत्रित औषधं. कोण लिहून देऊ शकतं, एका वेळी किती दिवसांची, व्हिडिओवर बघून लिहिता येतात की नाही, हे प्रत्येक देशात वेगळं. काही देशांत तर ॲम्फेटामीनवाली औषधं मिळतच नाहीत, जपानमध्ये ॲडरॉलसारखी ॲम्फेटामीनची गोळी सोबत नेलीत तरी गुन्हा होतो. त्यामुळे पैसे भरायच्या आधी ऑनलाइनवाल्यांना एकच विचारा, डायग्नोसिस झालं तर औषध तुम्ही लिहून देणार का, आणि पुढं दर महिन्याला कोण देणार.

माझ्या बाबतीत ऑनलाइन असेसमेंट अगदी चांगली झाली, रिपोर्ट जाडजूड, पण तिथल्या डॉक्टरांना मी राहतो तिथं ते औषध लिहून द्यायचा अधिकारच नव्हता. फॅमिली डॉक्टर म्हणाले मी सुरू न केलेलं औषध मी चालू ठेवणार नाही. त्यांचंही चूक नव्हतं. मग इथल्या सायकियाट्रिस्टकडे रिपोर्ट घेऊन गेलो, त्यांनी तो पहिल्या पानापासून वाचला, स्वतःचे काही प्रश्न विचारले आणि मानला. पण सगळं नव्यानं करा म्हणणारेही असतात, तेव्हा आधीच विचारून ठेवलेलं बरं.

आणि औषध सुरू करायच्या आधी बीपी, नाडी, वजन बघावंच लागतं, हृदयाच्या आजाराची घरात हिस्टरी आहे का विचारावं लागतं, डोस वाढवताना परत बघावं लागतं, कारण ही औषधं नाडी आणि बीपी थोडं वाढवतात आणि भूक मारतात. व्हिडिओवरून हे होत नाही असं नाही, घरी मशीन असतं, पण कुणीतरी आकडे मागितले तर पाहिजेत. अमेरिकेत कोविडमध्ये २००८ च्या कायद्यातली, अशी नियंत्रित औषधं लिहून देण्याआधी प्रत्यक्ष भेटीची अट बाजूला ठेवली आणि ऑनलाइन कंपन्यांचं पेव फुटलं, त्यातल्या डन नावाच्या कंपनीच्या संस्थापिकेला जून २०२४ मध्ये अटक झाली, आरोप हाच की गरज नसलेल्यांनाही धडाधड गोळ्या दिल्या. त्यात खरे पेशंट भरडले गेले, एका रात्रीत डॉक्टर गेले, गोळ्या गेल्या.

स्टिम्युलंट नको किंवा चालत नसेल तर ॲटोमॉक्सेटिनसारखी दुसरी आहेत, त्यांचा असर दिसायला काही आठवडे लागतात एवढंच. म्हणजे गोळी न मिळाल्यानं सगळं संपलं असंही नाही.

---

दोन_पोरांची_आई:

ताई तुमचा प्रश्न मोठ्यांचा आहे पण बहिणीच्या मुलाचा उल्लेख आहे म्हणून लिहिते, वाचणाऱ्या आयांना उपयोग होईल. मुलांचं मात्र नुसतं व्हिडिओवर करू नका बाई. माझा धाकटा स्क्रीन दिसली की पुतळ्यासारखा बसतो, डॉक्टरांना वाटलं असतं किती गुणी बाळ, आणि थोरली कॅमेऱ्यासमोरून दीड मिनिटात गायब. दोन्हींतून काय कळणार. आमच्याकडे शाळेतल्या बाईंनी वेगळा फॉर्म भरला, आम्ही वेगळा, ऐकण्याची आणि डोळ्यांची तपासणी झाली, आणि मग निर्णय. बाईंनी फॉर्मच्या खाली हातानं लिहिलं होतं की उत्तर येत असतं पण प्रश्न संपायच्या आधीच ओरडतो. त्या एका ओळीवर डॉक्टर बराच वेळ बोलले.

---

पसारा_सम्राज्ञी:

बापरे, इतकं सगळं लिहिलंत, सगळ्यांचे आभार. सगळं वाचलं, मधला भाग परत परत वाचावा लागला तो भाग वेगळा.

@मनकवडी ताई, तुमच्या १२ वर्षांच्या मुद्द्यावर अडलेय. आईला विचारलं, मला लहानपणी असं काही होतं का, तर म्हणाली छे, तू पहिल्या पाचात असायचीस, हे काय नवीन खूळ. प्रगतिपुस्तकं घर बदलताना गेली. बाबा नाहीत. मग लहानपणाचा पुरावा आणायचा कुठून? आणि पहिल्या पाचात होते म्हणजे माझी केस मुळातच बाद का?

---

मनकवडी:

अजिबात बाद नाही. मार्क चांगले म्हणजे एडीएचडी नाही असं कुठल्याही निकषात लिहिलेलं नाही. हुशार मुली, त्यातून शांत, वर्गात कुणाला त्रास न देणाऱ्या, त्यांचं कुणाच्या लक्षातच येत नाही कारण डोळ्यांवर येतो तो बाकं वाजवणारा मुलगा. घरात कुणीतरी सतत पाठीशी असेल, दप्तर भरून देणारं, आठवण करणारं, तर लक्षणं झाकलीही जातात, आणि तो आधार सुटला की कॉलेजात किंवा नोकरीत उघडी पडतात. घरातल्या घरात चालत येण्याचं प्रमाणही मोठं आहे, जुळ्यांवरच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा साधारण ७० ते ८० टक्के येतो, म्हणजे भाच्याचं डायग्नोसिस हीसुद्धा डॉक्टरांना सांगायची गोष्ट आहे. अर्थात त्यावरून तुमचं ठरत नाही.

आणि आईला असा प्रश्न विचारायचा नसतो हो. कुठलीही आई नाहीच म्हणणार, तिला वाटतं तिच्या संगोपनावर बोट ठेवताय, आणि बऱ्याचदा आई स्वतः तशीच असते त्यामुळे तिला त्यात वेगळं काही दिसतही नाही. तिला बारीकसारीक विचारा. शाळेतून काय काय हरवून यायचे. अभ्यासाला बसवायला कोण बसायचं शेजारी. सकाळी तयार व्हायला किती वेळा हाका मारायला लागायच्या. गोष्टीचं पुस्तक हातात असलं की ऐकू यायचं का. बहिणीलाही विचारा, भावंडं चहाड्या बरोबर लक्षात ठेवतात. काहीच मिळालं नाही तर डॉक्टरांना तसं सरळ सांगा, तुमच्या स्वतःच्या आठवणीही धरतात, फक्त उदाहरणासकट सांगा.

---

पसारा_सम्राज्ञी:

विचारलं!! आईनं अर्धा तास सोडलं नाही मग. म्हणाली तुझ्या पाण्याच्या बाटल्यांनी शाळेची एक खोली भरली असती, परीक्षेच्या दिवशी हॉल तिकीट घेऊन मी मागे धावायचे, आणि तुला अभ्यासाला बसवायला मी समोर विणकाम घेऊन बसायचे नाहीतर तू खिडकीबाहेर. पहिल्या पाचात कशी आले ते आता कळलं. बहीण म्हणाली मी सांगते डॉक्टरांना, मला कॉलवर घे, माझ्याकडे यादी आहे.

आणि @मनकवडी ताईंचे प्रश्न आणि @गोळीबंद यांचा औषधाचा प्रश्न एकत्र करून दोन ऑनलाइन क्लिनिकना आणि एका प्रत्यक्षवाल्यांना ईमेल टाकला, फोन नाही हं. एका ऑनलाइनवाल्यांकडून उत्तर म्हणून फक्त पैसे भरायची लिंक आली. दुसऱ्यांनी सगळ्याला ओळ-ओळ उत्तर दिलं, असेसमेंट सायकियाट्रिस्ट करणार, घरच्यांना कॉलवर घेणार, बीपी आणि रक्ताचे रिपोर्ट आधी मागितलेत, आणि औषध आम्ही लिहून देत नाही, त्यासाठी प्रत्यक्ष डॉक्टर लागतील असं स्वतःहून सांगितलं. प्रत्यक्षवाल्यांनी वेटिंग लिस्टवर नाव घेतलंय आणि म्हणाले दरम्यान दुसरीकडून सविस्तर रिपोर्ट आणलात तर आम्ही बघू, परत पहिल्यापासून करायला लावणार नाही. तर दोन्हीकडे करतेय. नवरा म्हणतो आधी झोपेचं बघ, मी म्हटलं घोरतोस तू.

---

तळटीप:

मग त्यालाच आधी स्लीप स्टडीला पाठवा :)

---

निशाचर:

ताई, व्हिडिओ कॉलची तारीख आली असेल तर कॅलेंडरमध्ये टाका. आत्ता. हा टॅब बंद करायच्या आधी. आणि बहिणीला पण पाठवा.

---

पसारा_सम्राज्ञी:

टाकली. बहिणीलाही पाठवली. तिनं लगेच विचारलं, कुठल्या वेळेची, सकाळची की संध्याकाळची, ते लिहिलंच नाहीयेस. थांबा बघते.